धंद्याची भट्टी, सेवेचा घाणा

रोज दुकान बंद करताना काचेच्या कपाटात काही ना काही उरते आणि ते कोणाच्या तरी मुखी लागावे, असे पेस्ट्री बनवणाऱ्या प्रत्येकाला वाटते. समाजसेवेची सुरुवात बहुधा याच विचारातून होते आणि बहुधा येथेच ती फसते. उद्या किती माल उरेल हे आज सांगता येत नाही, कोणता उरेल हेही सांगता येत नाही, आणि जो हमखास उरतो तो गिऱ्हाइकांनीच नाकारलेला असतो. मी स्वतः सुरुवात अशीच केली. एका मुलांच्या वसतिगृहाला पहिल्या आठवड्यात 70 बन गेले, दुसऱ्या आठवड्यात 8, आणि तिसऱ्या आठवड्यात नुसती कडवट कॉफीच्या क्रीमची एक्लेअर. तेथील स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी अतिशय सौम्यपणे सांगितले, ‘‘थोडेच द्या, पण काय येणार आणि कधी येणार, ते आधी कळू द्या.’’

त्या एका वाक्यावर माझी पुढची सगळी पद्धत उभी राहिली. सेवेसाठी जाणारा माल ही एक ऑर्डर आहे, असे धरून चालावे. इतर ऑर्डरप्रमाणे तिलाही वार, वेळ, नग, वजन आणि पॅकिंग ठरलेले असावे, आदल्या दिवशीच्या उत्पादनाच्या कागदावर तिची ओळ असावी आणि ती चुकली तर गिऱ्हाइकाची ऑर्डर चुकल्याइतकेच वाईट वाटावे. उरलेला माल वाटणे हे निराळे काम आहे. तेही करावे, परंतु त्याची वही वेगळी ठेवावी.

आधी विचारावे, मग पीठ मळावे

पहिले सहा महिने एकच संस्था घ्यावी. पाच ठिकाणी थोडे थोडे देण्याने समाधान मोठे मिळते, पण गाडीच्या फेऱ्या वाढतात, वेळा सांभाळता येत नाहीत आणि कोणाला नेमके काय चालते हे शेवटपर्यंत कळत नाही. संस्था ठरली की तेथे स्वतः जावे आणि जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीशी बोलावे. विश्वस्तांशी झालेले बोलणे सौजन्याचे असते, पण माहिती स्वयंपाकघरात मिळते. माणसे किती, कोणत्या वयाची, खाण्याची वेळ कोणती, फ्रीज आहे का, असल्यास त्यात जागा आहे का, माल उतरवून घ्यायला कोण असेल, कोणाला कशाची ॲलर्जी आहे आणि कोणते पदार्थ तेथे अजिबात चालत नाहीत, एवढे प्रश्न वहीत लिहून न्यावेत.

या उत्तरांवरून पदार्थ ठरतो आणि येथे बेकरचे व्यावसायिक ज्ञान खरोखर कामी येते. एक वर्षाच्या आतील बाळांसाठी जे काही असेल त्यात मध घालू नये, कारण मधात बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते नेहमीच्या भाजण्याने नष्ट होतील याची खात्री नसते. लहान मुलांच्या पदार्थात अख्खे दाणे, अख्खे बदाम किंवा काजू नकोत, ते घशात अडकतात. वृद्धांच्या निवासात क्रोसाँ किंवा पफ पेस्ट्री पाठवण्याचा मोह आवरावा. आपल्या कौशल्याचा तो उत्तम नमुना असला तरी, कवळी लावणाऱ्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला त्याचे कोरडे पापुद्रे ठसका लावतात. त्यांना दुधात मळलेला मऊ बन किंवा ओलसर स्पंज केक बरा. व्यसनमुक्ती केंद्रात रम घातलेला केक पाठवू नये, कारण भाजल्यानंतरही मद्यार्काचा काही अंश त्यात राहतो. आणि तेथे खसखससुद्धा टाळावी, कारण ती खाल्ल्यानंतर लघवीच्या चाचणीत अफूजन्य पदार्थांचा अंश दिसू शकतो आणि एका बनपायी एखाद्याच्या अनेक महिन्यांच्या प्रयत्नांवर संशय येऊ शकतो. मूस (फेसाळ क्रीमचा गोड पदार्थ) आणि ग्लेझ (केकवरचा चकचकीत थर) यांतील जिलेटिन प्राणिजन्य असते, म्हणून शाकाहारी लोकांसाठी ते वापरू नये. मधुमेही माणसे असतील तर ‘शुगर फ्री’च्या नादी लागण्यापेक्षा नगाचे वजन कमी करावे आणि ते किती ग्रॅमचे आहे हे संस्थेला लिहून द्यावे, कोणाला किती द्यायचे ते तेथील परिचारिकेला किंवा आहार पाहणाऱ्याला ठरवू द्यावे.

ॲलर्जीची माहिती तोंडी सांगून भागत नाही. युरोपीय संघाच्या अन्नमाहिती नियमांत 14 ॲलर्जीकारक घटक नोंदलेले आहेत आणि त्यांतील गहू, दूध, अंडी, काजू-बदामासारखी कवचफळे, शेंगदाणे, सोया आणि तीळ हे बेकरीत रोज हाताळले जातात. ज्या टेबलावर सकाळी बदामाची पूड चाळली त्याच टेबलावर दुपारी ‘बदाम नसलेला’ बन वळला, तर तो बदाम नसलेला राहत नाही. त्यामुळे प्रत्येक क्रेटवर पदार्थाचे नाव, तयार केल्याची तारीख आणि त्यातील व त्याच्या आसपास वापरलेले ॲलर्जीकारक घटक लिहिलेली चिठ्ठी असावी. विकत घेणारा गिऱ्हाईक विचारून घेतो. ज्याच्या हातात बशी येते तो भिडेपोटी विचारत नाही.

एकाच बनचा खर्च तीन प्रकारचा

दानाचा हिशेब करताना बहुतेक जण विक्रीची किंमत गुणिले नग असा आकडा काढतात आणि एक तर भलत्याच अभिमानात राहतात, नाही तर घाबरून हात आखडता घेतात. खरा खर्च माल कोणत्या वेळी आणि कोणत्या मार्गाने बाहेर पडला यावर अवलंबून असतो. समजा, एका नगाची विक्रीची किंमत 100 धरली आणि तीत कच्चा माल 30, पॅकिंग 5, मजुरी 30, भाडे, वीज व यंत्रांची झीज मिळून 20 आणि नफा 15 आहे. हा नग दिवसाअखेरी न विकता उरला असेल, तर तो देण्याचा नवा खर्च जवळपास फक्त पॅकिंगचा आणि वाहतुकीचा, कारण बाकीचा पैसा आधीच गेलेला आहे. तोच नग भट्टी आणि कामगार दोन्ही रिकामे असताना मुद्दाम सेवेसाठी बनवला, तर खर्च सुमारे 35 आणि थोडी वीज, कारण त्या वेळची मजुरी तशीही द्यायचीच होती. परंतु गर्दीच्या सकाळी, विकला गेला असता असा नग बाजूला काढून दिला, तर गेले ते पूर्ण 100. पदार्थ तोच, घेणारा तोच, आणि नुसत्या शेवटच्या दोन प्रकारांच्या खर्चातही जवळपास तिपटीचा फरक.

म्हणून सेवेची वेळ निवडणे हा पैशांचाच निर्णय असतो. आपल्या भट्टीच्या आठवडाभराच्या नोंदी काढून ती रिकामी तापलेली केव्हा असते ते पाहावे. बहुतेक ठिकाणी सकाळचा माल निघाल्यानंतर आणि संध्याकाळच्या ऑर्डरी लागण्यापूर्वी अशी जागा सापडते. जेथे ती सापडत नाही तेथे आठवड्यातून एकच दिवस घ्यावा, पण पुढच्या गिऱ्हाइकाच्या मालावर हात टाकून सेवा करू नये. असे दान दोन-तीन महिन्यांत बंद पडते.

रक्कम ठरवताना विक्रीचा अमुक टक्के असा नियम करण्याविरुद्ध माझे ठाम मत आहे. लोणी आणि साखर महागली की विक्रीचा आकडा वाढतो आणि नफा मात्र घटतो, म्हणजे नेमक्या अडचणीच्या काळात दान फुगते. मागील बारा महिन्यांच्या निव्वळ नफ्यावरून एक वार्षिक रक्कम ठरवावी, तिचे बारा भाग करावेत आणि मग ती पैशांतून वजनात उतरवावी, कारण कारागिराला वजनाची भाषा कळते. उदाहरणार्थ, ‘आठवड्याला 10 किलो मैदा सेवेचा’ असे ठरले की सगळ्यांना एका वाक्यात समजते आणि मालकालाही भावनेच्या भरात 14 किलो करता येत नाही.

घाणा कुठे बसवावा

10 किलो मैद्यातून काय निघते, ते पाहू. दुधात मळलेल्या मऊ बनसाठी मैदा 100 टक्के धरून दूध 60, साखर 8, लोणी 8, मीठ 1.8 आणि इन्स्टंट यीस्ट 1.2 टक्के घेतले, तर 1 किलो मैद्याचे 1,790 ग्रॅम पीठ होते. भांड्याला आणि टेबलाला लागून जाणारे सुमारे 2 टक्के वजा केले, तर 60 ग्रॅमचे 29 गोळे हाती येतात. म्हणजे 10 किलोत साधारण 290 बन. भाजताना पाणी उडून वजन आणखी दहाएक टक्क्यांनी उतरते, तेव्हा खाणाऱ्याच्या हातात 53-54 ग्रॅमचा बन पडतो. संस्थेला नग सांगताना हेच तयार वजन सांगावे.

भट्टीचे तापमान दिवसभर उतरत्या क्रमाने वापरणारे कारागीर वीजही वाचवतात आणि वेळही. 230-240 अंश सेल्सियसला पाव, मग 190-200 अंशांना क्रोसाँ, नंतर 160-170 अंशांना कुकीज आणि शेवटी 90-100 अंशांना मेरिंग (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेला कुरकुरीत पदार्थ), असा क्रम असेल तर सेवेचे बन क्रोसाँ आणि कुकीज यांच्यामध्ये 180-190 अंशांना सहज बसतात आणि 12 ते 14 मिनिटांत निघतात. पीठ आदल्या संध्याकाळी मळून, यीस्ट थोडे कमी करून, 4 अंशांच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवले तर सकाळच्या धावपळीत मिक्सर अडत नाही आणि चवही खुलते. कुकीजचे गोळे तर वळून उणे 18 अंशांना गोठवून ठेवता येतात. एखाद्या दिवशी मिक्सर बिघडला किंवा दोन माणसे आजारी पडली, तर ठरलेली ऑर्डर या गोठवलेल्या साठ्यातून भागते, आणि हा साठा मी कधीही विक्रीसाठी उघडत नाही.

सेवेच्या मालात हलका मैदा, संपत आलेले लोणी किंवा बिघडलेल्या रंगाचे क्रीम खपवण्याची सवय दुकानाला लागू देऊ नये. यामागे माणुसकी तर आहेच, शिवाय कारागिराच्या हाताचाही प्रश्न आहे. दोन दर्जांचा माल एकाच टेबलावर वळणाऱ्याचा हात हळूहळू खालच्या दर्जाला सरावतो. पदार्थ साधा निवडावा, सजावट टाळावी, नग लहान करावा. पण जो करावा तो विक्रीच्या मालाइतकाच नीट करावा.

उरलेल्या मालाची वही

उरलेला माल देताना पहिला प्रश्न तो सुरक्षित आहे का, आणि दुसरा, तो खाण्यालायक आहे का. दोन्हींची उत्तरे पदार्थागणिक बदलतात. कस्टर्ड, ताजी साय, क्रीम चीज किंवा मांस-अंडी भरलेले पदार्थ 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मध्ये राहिले की जिवाणू झपाट्याने वाढतात. प्रचलित नियम असा की या पट्ट्यातील सर्व वेळ मिळून दोन तासांपेक्षा कमी असेल तर पदार्थ पुन्हा फ्रीजमध्ये ठेवता येतो, दोन ते चार तास असेल तर तेव्हाच खाल्ला जावा, आणि चार तासांनंतर टाकून द्यावा. हा वेळ काउंटरवरचा, गाडीतला आणि संस्थेच्या ओट्यावरचा, सगळा मिळून मोजायचा असतो. दुकानात तीन तास बाहेर राहिलेले एक्लेअर गाडीत घालणे म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्याच्या पोटात ढकलणे. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूने क्रीममध्ये एकदा विष तयार केले की पुन्हा तापवूनही ते जात नाही, हे नव्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते, कारण ‘गरम करून खातील’ हे उत्तर प्रत्येकाच्या तोंडी तयार असते. मुद्दाम कस्टर्ड बनवून द्यायचे असेल तर ते उथळ ट्रेमध्ये पसरून, पृष्ठभागाला चिकटेल असे प्लास्टिक लावून, 60 वरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तेथून 5 अंशांपर्यंत पुढील चार तासांत आणावे. खरे तर सेवेच्या यादीतून क्रीमचे पदार्थ मी कायमचेच वगळले आहेत.

पाव, बन, सुके केक आणि बिस्किटे यांत धोका फारच कमी, तेथे प्रश्न शिळेपणाचा. पाव शिळा होतो तो केवळ सुकल्यामुळे नव्हे. त्यातील स्टार्चची रचना पुन्हा घट्ट होत जाते आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सर्वांत वेगाने घडते. म्हणून उरलेला पाव चुकूनही फ्रीजमध्ये ठेवू नये. एक तर त्याच संध्याकाळी द्यावा, नाही तर बंद पिशवीत लगेच गोठवावा आणि संस्थेला गोठलेलाच द्यावा. सकाळी तो गरम केला की पुष्कळसा मऊपणा परत येतो. कालच्या क्रोसाँपासून बदामाचे दुबार भाजलेले क्रोसाँ किंवा ब्रेड पुडिंग करता येते, पण असे रूपांतर करताना ॲलर्जीची चिठ्ठी नव्याने लिहावी लागते, कारण ज्यात बदाम नव्हता त्यात आता बदाम आहे. दुकानातील कोणाला तरी, शक्यतो काउंटर सांभाळणाऱ्याला, ‘हे जाणार नाही’ असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार द्यावा आणि मालकानेही त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नये.

हे वाटप वाढत चालले तर अभिमान वाटून न घेता उत्पादनाचा अंदाज तपासावा. दर मंगळवारी 20 क्रोसाँ उरत असतील तर दर मंगळवारी 20 क्रोसाँ जास्त बनत आहेत.

पदार्थाऐवजी काम द्यायचे असेल तर

सेवेचा आणखी एक मार्ग आहे आणि तो बेकरीला विशेष साजतो, कारण येथील काम हाताने शिकता येते आणि केलेल्या कामाचे फळ दोन तासांत डोळ्यांसमोर दिसते. बर्नी ग्लासमन या झेन गुरूंनी 1982 मध्ये न्यूयॉर्क राज्यात ग्रेस्टन बेकरी सुरू केली. तेथे मुलाखत, शिफारस किंवा पूर्वेतिहासाची चौकशी न करता, यादीत नाव लिहिणाऱ्याला क्रमाने कामावर घेतले जाते, आणि याच बेकरीच्या ब्राउनी बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीला जातात. लॉस एंजेलिसमध्ये फादर ग्रेग बॉयल यांच्या पुढाकाराने 1992 मध्ये सुरू झालेल्या होमबॉय बेकरीने टोळ्यांमधून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुणांना भट्टीपुढे उभे केले. या दोन्ही ठिकाणी माल बाजारात खपतो म्हणून काम टिकते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

छोट्या दुकानाने एका वेळी एकच शिकाऊ माणूस घ्यावा आणि त्याला एका अनुभवी कारागिराशी जोडून द्यावे. या कारागिराचे रोजचे काम पहिला महिनाभर तरी कमी होणार, हे आधीच धरून चालावे. ते न धरल्यामुळे शिकवणारा चिडतो आणि शिकणारा निघून जातो. क्रम असा ठेवावा की चूक स्वस्त पडेल. आधी वजन करणे आणि चाळणे, मग गोळे वळणे, मग भाजणे, मग सजावट, आणि पफ किंवा क्रोसाँच्या पिठात लोण्याचे थर देणे सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी तिपदरी अशा तीन साध्या घड्यांनी लोण्याचे 27 थर होतात, आणि लोणी जरा जास्त मऊ झाले तर सगळे थर एकमेकांत मिसळून दुकानातील सर्वांत महाग माल वाया जातो. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवसापासून वेतन द्यावे. ‘शिकवतो आहोत, तेच वेतन’ असे म्हणणारा आपल्या मजुरीच्या खर्चाला सेवेचे नाव देत असतो.

सुरक्षिततेचे शिक्षण टेबलावरच्या शिक्षणाच्या आधी व्हावे. फिरत्या मिक्सरमध्ये हात घालायचा नाही, ट्रे कोरड्या कापडानेच धरायचा (ओल्या कापडातून वाफेने हात भाजतो), 25 किलोचे पोते एकट्याने उचलायचे नाही, आणि मैदा वरून ओतायचा नाही. मैद्याची उडणारी धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्याने बेकरांना दमा जडतो, हे जुने कारागीर अनुभवाने जाणतात; म्हणून जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. तासभर मदतीला येणाऱ्या स्वयंसेवकांना भट्टीजवळ नेऊच नये. त्यांना डबे भरणे, चिठ्ठ्या लावणे आणि माल पोहोचवणे ही कामे द्यावीत.

कागद, आणि लोकांना काय सांगावे

अन्नदानाविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला, घोर निष्काळजीपणा नसेल तर, संरक्षण दिले आहे. फ्रान्समध्ये 2016 पासून 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना खाण्याजोगा माल नष्ट करता येत नाही. आपल्या येथे कोणता नियम लागू आहे, दान दिलेल्या मालाची करनोंद कशी करायची आणि दुकानाचा विमा दान केलेल्या मालालाही लागू होतो का, हे हिशेबनिसाला सुरुवातीलाच विचारावे. नोंदवहीत तारीख, पदार्थ, नग, वजन, कच्च्या मालाचा खर्च आणि घेणाऱ्याची सही एवढे रकाने पुरतात. मी त्यात ‘परत आले’ असा आणखी एक रकाना ठेवतो. क्रेट परत येताना त्यात उरलेले बन दिसले की नग कमी करावा किंवा पदार्थ बदलावा. आभाराच्या पत्रापेक्षा हा रकाना अधिक खरे बोलतो.

गिऱ्हाइकांना सांगायचे असेल तर झालेले सांगावे, होणारे सांगू नये. ‘गेल्या तिमाहीत 120 किलो मैद्याचे बन दिले’ हे वाक्य फळ्यावर लिहायला हरकत नाही. ‘आपल्या प्रत्येक खरेदीतून एका भुकेल्याला घास’ असे लिहिले की मग प्रत्येक खरेदीचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो कोणी मागितला नाही तरी स्वतःला द्यावा लागतो. घेणाऱ्यांचे फोटो लावू नयेत, बनांचे लावावेत.

ऑर्डरींची मोठी गर्दी वर्षातून दोन-तीनदा येतेच आणि त्या दिवसांत रिकामी भट्टी, रिकामा हात, काहीच मिळत नाही. त्याची सोय वर्षाच्या सुरुवातीलाच करावी. संस्थेला त्या आठवड्यांच्या तारखा महिनाभर आधी लेखी कळवाव्यात, तेवढ्यापुरता पदार्थ बनऐवजी आधी भाजून ठेवता येतील अशा कुकीजवर आणावा आणि फेरीची वेळ पहाटेच्या गाडीला जोडून घ्यावी. नग निम्मे झाले तरी चालतात, पण ठरलेल्या वारी गाडी गेली पाहिजे, कारण त्या दिवशीच्या चहाबरोबर दुसरे काही ठेवायचे नाही, असे पलीकडच्या स्वयंपाकघरात आधीच ठरलेले असते.